दुर्गाच्या नावाची परीक्षा

सुरुवात झाली ती एका साध्या चुकीने. ती चूक सगळ्यांनी हसण्यावारी नेली. दुर्गाला मात्र तसं करता आलं नाही.

दुर्गा आणि शांता जुळ्या बहिणी, दोघींना अडुसष्ट पूर्ण झालेली. शांताला तीन वर्षांपासून विसरायला होत होतं. आधी गॅस चालू राहायचा, मग किल्ल्या हरवायच्या, मग शेजारणींची नावं गेली, आणि गेल्या गणपतीत आरती चालू असताना ती मध्येच थांबून, मालवणीत, "ह्या कोणाचा घर?" असं विचारायला लागली. डॉक्टरांनी अल्झायमर म्हणून निदान केलं होतं. दर तीन महिन्यांनी तिला परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात दाखवायला न्यावं लागे. त्या बुधवारी शांताचा मुलगा सुशांत केसपेपरच्या रांगेत उभा होता. शांता बाकावर बसली होती आणि तिची फाइल सांभाळत दुर्गा तिच्या शेजारी बसली होती. तेवढ्यात आतून एक तरुण डॉक्टर आला, फाइलवरचं नाव वाचलं आणि जिच्या मांडीवर फाइल तिचाच हात धरून तिला आत घेऊन गेला.

"आजी, बसा आरामात. आज वार कोणता?"

दुर्गाला वाटलं, पोरगा बोलका आहे. "मंगळवार."

"महिना?"

तो तिने सांगितला. मग त्याने शंभरातून सात वजा करायला सांगितले, त्यातून परत सात, त्यातून परत सात. दुर्गा त्र्याण्णव, शहाऐंशीपर्यंत नीट गेली आणि मग तिच्या मनात आलं, हा मला का विचारतोय? त्या विचारात ती एकोणऐंशीला अडली. त्याने तीन शब्द सांगितले होते, लिंबू, किल्ली आणि घोडा, ते आता परत सांगा म्हणाला. तिला लिंबू आणि घोडा आठवले. तिसरा काही केल्या आठवेना.

"अहो डॉक्टर, पेशंट ही नाही," सुशांत धावत आत येऊन म्हणाला. "ही माझी मावशी. आई बाहेर बसलीय."

तरुण डॉक्टर ओशाळला. सुशांत हसला, दारातली नर्सही हसली. बाहेर शांता शेजारच्या बाईने दिलेलं बिस्किट खात निवांत बसली होती. दुर्गाही हसली, पण तिचं लक्ष त्या डॉक्टरच्या कागदावर होतं. तीसपैकी चोवीस असं त्याने लिहून ठेवलं होतं आणि आता तो कागद चुरगळून टोपलीत टाकत होता.

"अहो, तो मंगळवार चुकून म्हटला मी," दुर्गा म्हणाली. "मला वाटलं तुम्ही सहज विचारताय."

"हो हो, आजी. काही काळजी करू नका," तो म्हणाला, आणि तिची काळजी नेमकी तिथूनच सुरू झाली.

मोठ्या डॉक्टर होत्या डॉक्टर सुचित्रा. पन्नाशीच्या, शांत, समोरच्याचं बोलणं पुरं होऊ देणाऱ्या. दोघी बहिणींना शेजारी शेजारी बसलेलं बघून त्यांनी पेन खाली ठेवलं. शांता वाळली होती, तिचे केस सुनेने, श्रेयाने, धुवायला सोपे जावेत म्हणून कापले होते. तरी कपाळ तेच, हनुवटीवरची खळी तीच, आणि बसल्यावर डावा पाय उजव्यावर टाकायची सवयही तीच.

"तुम्ही अगदी सारख्या जुळ्या आहात," डॉक्टर म्हणाल्या. "आमच्याकडे जुळ्यांचा एक अभ्यास चालू आहे. दोघींचं रक्त दिलंत तर जनुकं तपासता येतील. निकाल जाणून घ्यायचा की नाही, ते तुम्ही ठरवायचं. नको म्हणालात तरी चालेल. विचार करा."

दुर्गाने विचार केला नाही. निकालात आपलंही काही निघेल हे तिच्या डोक्यातच आलं नाही. शांतासाठी काही उपाय निघाला तर बरं, एवढंच तिने धरलं, निकालही सांगा म्हणाली आणि बाही वर केली.

दीड महिन्याने निकाल आला. या खेपेला दुर्गाची मुलगी मनवाही रजा टाकून आली होती. डॉक्टर सुचित्रांनी सगळं सावकाश समजावलं. एपीओई नावाचं एक जनुक असतं. प्रत्येकात त्याच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. त्याचे तीन प्रकार, दोन नंबरचा, तीन नंबरचा आणि चार नंबरचा. चार नंबरचा असेल तर या आजाराचा धोका वाढतो. दोन्ही प्रती चारच्या असतील तर खूपच वाढतो.

"शांताबाईंच्या दोन्ही प्रती चारच्या आहेत," डॉक्टर म्हणाल्या.

"आणि माझ्या?"

"तुम्ही एकाच बीजातून झालेल्या जुळ्या आहात. तुमच्यात आणि त्यांच्यात त्या बाबतीत काही फरक नाही."

शांता टेबलावरचा पेपरवेट गोल गोल फिरवत होती.

"मग मला का नाही झालं?" दुर्गाने विचारलं.

"धोका म्हणजे होणारच असं नाही. ज्यांच्या दोन्ही चारच्या, त्यातल्या सगळ्यांनाच होतं असं नाही. ज्यांची एकही चारची नाही त्यांनाही होतो हा आजार."

"पण आमचं तर सगळं एकच आहे म्हणता ना?"

"जनुकं एक आहेत. आयुष्य वेगळं गेलं असेल."

मग डॉक्टरांनी एक लांबलचक फॉर्म काढला आणि एकेक प्रश्न विचारायला घेतला. ब्लडप्रेशर? दोघींना. साखर? दोघींना नाही. डोक्याला मार? नाही, नाही. तंबाखूची मिश्री? दोघींनी लावली, लग्नानंतर सोडली. कानाने कमी ऐकू येतं? दोघींना थोडं. मोठं आजारपण?

"मला टायफॉईड झाला होता, सातवीत असताना," दुर्गा म्हणाली. "शांताला नाही."

"शाळा किती?"

"माझी मॅट्रिक. मग टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते, एकेचाळीस वर्षं."

"आणि शांताबाईंची?"

"सातवी."

"हं," डॉक्टर म्हणाल्या आणि लिहू लागल्या.

दुर्गाने त्या "हं"वर बोट ठेवलं. "का हो? त्याचा काही संबंध असतो?"

डॉक्टरांनी लपवलं नाही. ज्यांचं शिक्षण जास्त झालेलं असतं, ज्यांना डोक्याचं काम सतत करावं लागलेलं असतं, त्यांच्यात हा आजार उशिरा दिसतो असं हजारो लोकांच्या अभ्यासात आढळलं आहे, असं त्या म्हणाल्या. मेंदूत जणू थोडी शिल्लक राहते. "पण हे सगळं सरासरीचं बोलणं. एका माणसाला का झालं आणि दुसऱ्याला का नाही, हे मी सांगू शकत नाही. कोणीच नाही."

पुढचं दुर्गाला नीट ऐकूच आलं नाही.

मायलेकी दादरला घरी आल्या. चहा टाकून मनवा म्हणाली, "आई, म्हणजे माझ्यातही एक चारची प्रत आहे. नक्की. तुझ्याकडे दुसऱ्या नंबरची द्यायला नाहीच."

या बाजूने दुर्गाने विचारच केला नव्हता. मुलीला आपण रंग दिला, नाक दिलं, एवढंच तिला आजवर ठाऊक होतं.

"अगं, मला कुठे काय माहीत होतं?"

"तुला दोष देत नाहीये मी. सांगतेय फक्त."

त्या दिवसापासून मनवाने घरात शिस्त लावली. सकाळी भिजवलेले अक्रोड, संध्याकाळी शिवाजी पार्कला दोन फेऱ्या, आठवड्यातून दोनदा मासे. मोबाइलमध्ये तिने आईला आकड्यांचा कसलासा खेळ घालून दिला. जेवताना सहज विचारल्यासारखं विचारायची, "आई, परवा कोण आलं होतं गं आपल्याकडे?" दुर्गाला कळायचं की हे सहज नाही. कधी कधी मनवा स्वतःच एखादा शब्द विसरायची, चिमट्याला किंवा गाळणीला काय म्हणतात ते, आणि मग तिचा चेहरा असा व्हायचा की दुर्गाला तिच्याकडे बघवायचं नाही.

दुर्गाने स्वतःचीही एक परीक्षा चालवली होती. एक्स्चेंजमध्ये असताना गावोगावचे कोड तिला तोंडपाठ होते. नागपूर शून्य सात एक दोन. कोल्हापूर शून्य दोन तीन एक. पणजी, नाशिक, रत्नागिरी. भाजी निवडता निवडता ती पुटपुटायची. कुडाळ पाच आकडी, ते तिच्या मूळ गावचं, ते पटकन यायचं. पण सांगली की सोलापूर, शून्य दोन तीन तीन कोणाचा, यावर एका दुपारी ती अडली आणि अडूनच बसली. हे साधं विसरणं की ते विसरणं? नोकरी सोडून आता आठ-दहा वर्षं झाली, कोणीही विसरेल. पण शांताही सुरुवातीला असंच म्हणायची, कोणीही विसरेल.

आणि या सगळ्याच्या तळाशी दुसरीच एक गोष्ट होती. ती तिने मनवाला सांगितली नव्हती, नवऱ्याला, रघुवीरला, तो होता तोवर सांगितली नव्हती. लपवली होती असंही नाही. तिला ती कधी सांगण्याजोगी वाटलीच नव्हती. आता ती सारखी आठवत होती.

दोघी वाढल्या डिलाईल रोडच्या चाळीत. वडील गुणाजी गिरणीत साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवायचे. आई खानावळ चालवायची. चाळीत राहणारे, बायकामुलं गावी असलेले गिरणीकामगार तिच्याकडे जेवायला असायचे. सातवीपर्यंत म्युनिसिपालिटीची शाळा. पुढे हायस्कूलला फी पडायची, आणि वडिलांनी आधीच सांगून ठेवलं होतं की दोघींना पाठवणं जमायचं नाही. राजाराम गुरुजींनी स्कॉलरशिपच्या परीक्षेला दुर्गाचं नाव दिलं. शांता हुशार नव्हती म्हणून नव्हे. शांता गणितात दुर्गाच्या पुढे होती. पण ती सकाळी आईबरोबर खानावळीत राबायची, तिची हजेरी कमी भरायची, आणि दुर्गाचं अक्षर मोत्यासारखं.

परीक्षेच्या आठवड्यात दुर्गाला टायफॉईड झाला. ती पांघरुणाखाली थरथरत पडलेली असताना आईने शांताची वेणी घातली, दुर्गाचा फ्रॉक तिच्या अंगात चढवला आणि बजावलं, "नाव इचारल्यानी तर दुर्गा म्हणान सांग. आज तू दुर्गा. काय?" शांताने मान डोलावली. परळच्या एका शाळेत सेंटर होतं. ती एकटी चालत गेली, पेपर लिहून चालत परत आली आणि लगेच भाकऱ्या थापायला बसली.

निकाल लागला. दुर्गा पास, फी माफ. वडिलांनी कागदावरचं नाव वाचलं आणि दुर्गाला हायस्कूलला घातलं. घरात त्यावर चर्चा झाली नाही. आईने विषय काढला नाही, गुरुजींना कळलं नाही, शांता काही बोलली नाही. आणि दुर्गा? तिने नव्या दप्तराला खाकी कव्हर घातलं. तेरा वर्षांच्या मुलीने आणखी काय करायचं असतं?

आता या वयात तिला वाटत होतं, डॉक्टर म्हणाल्या ती शिल्लक माझी नव्हेच. पण मग टायफॉईडचं काय? फॉर्ममध्ये आजारपण विचारलं होतं, म्हणजे तेही वाईटच असणार. ते मला झालं, तिला नाही. मग कशाचा हिशोब कशाशी लावायचा? जितका विचार करावा तितका गुंता वाढत होता.

एका रविवारी ती करी रोडला शांताकडे गेली. जुनी चाळ पाडून बिल्डरने टॉवर बांधला होता आणि शांताच्या घराला एकोणिसावा मजला मिळाला होता. शांताला तो मजला कधी पटला नाही. ती रोज दुपारी दार उघडून चाळीची गॅलरी शोधायची आणि समोर लिफ्ट बघून परत आत यायची. सुशांत म्हणाला, "मावशी, आईचं हल्ली एक नवीनच निघालंय. कोणी नाव विचारलं की दुर्गा सांगते. परवा फिजिओवाल्या मुलीलाही म्हणाली, मी दुर्गा. तुझी आठवण काढते बघ किती."

दुर्गाने विचारलं, "कधीपासून?"

"झाला असेल महिना. आम्ही दरवेळी सांगतो, अगं तू शांता. मग चिडते."

शांता खिडकीपाशी खुर्चीत बसली होती. दुर्गा तिच्यासमोर स्टूल ओढून बसली आणि दोघींच्या भाषेत, लहानपणच्या मालवणीत, बोलायला लागली.

"इलंय गो मी. वळखलंस?"

शांताने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. "माझ्यासारखा दिसता," ती म्हणाली.

"तुझा नाव काय?"

"दुर्गा."

"आणि माझा?"

शांता घुटमळली. मग आवाज खाली आणून, कोणी ऐकत नाही ना असं बघत म्हणाली, "तू निजान रव. तुका ताप आसा."

दुर्गाने स्टूल आणखी जवळ ओढलं. हे आजाराचं बोलणं की त्या दिवसाचं? शांता खरंच त्या सकाळीत जाऊन बसली होती का? आईने "आज तू दुर्गा" म्हणून बजावलं आणि मग "आता तू परत शांता" असं कधी कोणी सांगितलंच नाही, म्हणून ती अजून तेच नाव सांगतेय का? की डोक्यातली नावं सांडलीत आणि त्यातलं हे एक हाताला लागलं, एवढंच?

"पेपर कसो होतो गो?" दुर्गाने हळूच विचारलं.

शांता खिडकीबाहेर बघत राहिली. खाली कुठेतरी क्रेन वळत होती. "मासे येतले इतक्यात," ती म्हणाली. "तू कांदे काप."

दुर्गाने पुन्हा दोनदा विचारलं. शांता मासे, कांदे आणि न आलेला दगडू मासेवाला याच्यापलीकडे गेली नाही.

जिन्याजवळ निरोप घेताना दुर्गाने सुशांतला थांबवलं आणि सगळं सांगून टाकलं. टायफॉईड, फ्रॉक, परीक्षा, हायस्कूल. तिला वाटलं होतं, हा चिडेल. चिडला असता तर बरं वाटलं असतं.

सुशांत चाळिशीचा, लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत कामाला. तो भिंतीला टेकून ऐकत राहिला.

"पण आई तर म्हणायची, तिला शाळा कधी आवडलीच नाही," तो शेवटी म्हणाला.

"असं म्हणाली?"

"किती वेळा. मी दहावीला नापास झालो तेव्हा म्हणाली, मलाही आवडत नव्हती रे शाळा, काही बिघडत नाही. पप्पा मारायला उठले होते, तिनेच अडवलं."

"मग ते तुला बरं वाटावं म्हणून म्हणाली असेल."

"असेल. किंवा खरंही असेल." त्याने डोकं खाजवलं. "मावशी, आता मी काय करू ह्याचं? तू मला सांगितलंस, ठीक आहे. पण मी कोणावर रागावू? आजोबांवर? ते गेले तेव्हा मी दोन वर्षांचा होतो. आणि तू शिकली नसतीस तर आई बरी राहिली असती, असं थोडंच आहे?"

"तू नाही, ती शिकली असती."

"आणि मग तुला झालं असतं? असं म्हणतेस?"

तेच तर दुर्गा महिनाभर स्वतःला विचारत होती. सुशांतने तिला खालपर्यंत सोडलं, टॅक्सीत बसवलं, आणि दार लावताना म्हणाला, "श्रेयाला नको सांगूस एवढ्यात. ती आधीच आमच्या पोराच्या, पिंट्याच्या काळजीने या आजाराचं काय काय वाचत बसते." मग जरा थांबून म्हणाला, "गणितात खरंच पुढे होती आई?"

"खूप."

"मला कधी शिकवलं नाही तिने," तो म्हणाला. तो दुखावला होता की त्याला नुसतंच नवल वाटलं होतं, ते दुर्गाला कळलं नाही.

पुढच्या तपासणीला दुर्गा डॉक्टर सुचित्रांसमोर एकटीच बसली. शांताला बाहेर मनवा सांभाळत होती.

"माझ्या फॉर्ममध्ये एक चूक आहे," ती म्हणाली. "ती दुरुस्त करा." आणि तिने परीक्षेची गोष्ट सांगितली, सुरुवातीपासून, काही न वगळता.

डॉक्टरांनी फॉर्म काढला. शाळेच्या ओळीवर बोट ठेवलं. "इथे फक्त वर्षं विचारलीत. किती वर्षं शाळेत गेलात. ती तुम्ही खरीच सांगितलीत. परीक्षा कोणी दिली याला इथे जागा नाही, दुर्गाताई."

"पण ती माझ्यामुळे..."

"हे मी म्हणू शकत नाही. तुम्हीही म्हणू शकत नाही." डॉक्टरांनी चष्मा काढला. "शांताबाई शिकल्या असत्या तर त्यांना झालंच नसतं? माहीत नाही. झालं असतं, पण चार वर्षं उशिरा? असेलही. तुम्ही शिकलात म्हणून वाचलात? माहीत नाही. आणि तुम्हाला पुढच्या वर्षी होणार नाही याची खात्री? तीही नाही. दोन वर्षांनी, दहा वर्षांनी, किंवा कधीच नाही."

"तुम्ही एवढ्या शिकलेल्या," दुर्गा कळवळून म्हणाली, "मशीनवर रक्त बघता, दोघींच्या जनुकांचं एकेक अक्षर जुळवता, आणि तरी माहीत नाही म्हणता?"

"हो," डॉक्टर म्हणाल्या. "म्हणूनच तर अभ्यास चालू आहे. दर वर्षी दोघी येत जा. शांताबाई घरी दिवसभर एकट्या असतात का?"

दुर्गा म्हणाली, श्रेया आणि सुशांत कामाला जातात, एक बाई येते, पण ती टिकत नाही.

"तेवढं बघा," डॉक्टर म्हणाल्या. "तेवढं तुमच्या हातात आहे."

असं करून शांता दादरला यायला लागली. सकाळी सुशांत कामावर जाताना तिला सोडायचा, संध्याकाळी घेऊन जायचा. मनवाने आधी कुरकुर केली. तिला रोज डोळ्यांसमोर तेच नको होतं, तसं तिने स्पष्ट बोलूनही दाखवलं. मग एका शनिवारी तिने मावशीच्या पायाची नखं कापून दिली आणि पुन्हा काही बोलली नाही. आकड्यांचा खेळ तिने कधी बंद केला ते दुर्गाच्या लक्षातही आलं नाही. अक्रोड मात्र चालू राहिले. आता तीन वाट्या भिजत घालायच्या, त्यातली एक मनवाची स्वतःची.

वर्ष गेलं. वर्षाच्या तपासणीत दुर्गाला तीसपैकी अठ्ठावीस मिळाले. शांताला अकरा, आधीच्या वर्षी सतरा होते. दुर्गाला अठ्ठावीसचा आनंद झाला नाही आणि दुःखही झालं नाही. ती कागदाकडे बघत राहिली.

दुपारी दोघी स्वयंपाकघरात बसायच्या. शांता स्वतःला दुर्गाच म्हणायची आणि आता घरात कोणी तिला सुधारत नसे. दुर्गाने मात्र एक गोष्ट सुरू केली होती. ती शांताला हायस्कूलच्या गोष्टी सांगायची. संस्कृतच्या जोशीबाई, पावडर लावून यायच्या त्या. विज्ञानाच्या तासाला फुटलेली काचेची नळी. गॅदरिंगमध्ये झाड झालेली मुलगी, जिला पडदा पडेपर्यंत हलायचं नव्हतं आणि तिला शिंक आली. हे का सांगायचं, ते दुर्गाला सांगता आलं नसतं. परत केल्यासारखं वाटायचं थोडं, आणि खिजवल्यासारखंही. कधी वाटायचं, थांबावं. पण शांता कान देऊन ऐकायची, झाडाच्या शिंकेला दरवेळी पोट धरून हसायची.

एका दुपारी लसूण सोलताना दुर्गा वर्गाचं सांगत होती, मुली कुठे कुठे बसायच्या ते. शांताने मध्येच मान वर केली.

"माझो बाक पयलो," ती ठामपणे म्हणाली. "खिडकीकडचो."

दुर्गाचे हात थांबले. शांता त्या वर्गात कधी गेली नव्हती. एकदाही नाही.

मनवा दारात उभी होती, ऑफिसचा फोन संपवून पाणी प्यायला आलेली. "मावशी पहिल्या बाकावर?" ती हसली. "आई, तू कुठे बसायचीस गं?"

"मी ना, मी..." दुर्गा म्हणाली. तिसऱ्या, असं तोंडात आलं होतं. तिने वर्ग डोळ्यांसमोर आणला. फळा दिसला, जोशीबाई दिसल्या, खिडकीतून समोरच्या चाळीतलं वाळत घातलेलं लुगडंही दिसलं. पण ते लुगडं तिसऱ्या बाकावरून दिसायचं का? ते तर अगदी खिडकीशी बसल्याशिवाय दिसलं नसतं. की एखाद्या दिवशी जागा बदलली होती? की हे शांताच्या बोलण्याने आत्ता शिरलं?

"थांब हं, सांगते," ती म्हणाली.

मनवा थांबली. तिच्या हातातला पाण्याचा ग्लास तसाच राहिला.

दुर्गा लसणाची पाकळी नखाने खरवडत बसली, सालाबरोबर अर्धी पाकळीही निघत होती. शांताने थोडा वेळ ते पाहिलं, मग तिला राहवेना.

"असो सोलतत लसूण?" ती करवादली आणि पाकळी बहिणीच्या हातातून काढून घेतली. "हाड हय, दी माका सगळो."